मावशीची कॉफी, भाचीची गोळी

कुताइसी, ९ मे २००३

तेकले,

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. बरं झालं. फोनवर तू मला मधेच तोडतेस, पत्रात ते जमायचं नाही. हे पत्र जुंबेरीच्या मिनीबसमधून येतंय. त्याला बजावलंय, तिबिलिसीला पोचलास की आमच्या पोरीच्या त्या पैसे बदलायच्या खोक्याशी जा आणि काचेखालच्या फटीतून आत सरकव. डॉलर समजून तरी हातात घेशील.

आता मुद्द्याचं बोलते. ईस्टरच्या जेवणाला मी ग्लास खाली ठेवला म्हणून तू पानावरून उठून गेलीस. तुझा इरोदीकाका उभा राहिला होता, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, "आमच्या तेकलेच्या बातुमीतल्या विजयासाठी!" सगळ्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामे केले. आणि तुला लहानाचं मोठं केलेल्या सख्ख्या मावशीनं आपला ग्लास ओठाला न लावता टेबलावर ठेवला. आपल्याकडे माणूस भावाशी दहा वर्षं बोलणार नाही, पण कुणाच्या नावानं उचललेला ग्लास तसाच खाली ठेवणार नाही. मी काय केलं ते मला पुरतं ठाऊक आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

का केलं, ते ऐक. आपल्या बुद्धिबळाच्या क्लबात डाव संपला की कुणी उठत नाही. जिंकणारीनं आणि हरणारीनं मोहरे पुन्हा मांडायचे आणि एकमेकींना सगळं खरं सांगायचं. इथे मला हे दिसलं, इथे मी घाबरले, इथे मी मूर्खपणा केला. तू क्लबात आलीस तेव्हा तुला हे आधी शिकवलं, घोड्याची चाल नंतर. बातुमीच्या स्पर्धेत तू आपल्या म्हाताऱ्या नेलीला हरवलंस आणि दोघी बसलात. नेलीनं विचारलं, "पोरी, तुला भीती कुठे वाटली गं?" तू म्हणालीस, "कुठेच नाही." ती हसली. मला हसू आलं नाही. तुझा राजा उघड्यावर पडला होता, घड्याळावरची लाल झेंडी पडायला टेकली होती, वेळ संपल्यात जमा होता. आणि तू खेळी करायची सोडून पटाकडे टक लावून बसली होतीस, जणू सुट्टीच्या दिवशी समुद्र बघायला आली आहेस.

परतीच्या बसमध्ये तू आपणहून सांगितलंस. वैमानिकांना जागं ठेवायची जर्मन गोळी, कुणा डॉक्टरकडून मिळालेली. घेतली की दहा तास डोकं लख्ख. लपवलं नाहीस, हे तुझ्या बाजूनं धरते. पण मग त्या विजयाचा ग्लास मी कुणाच्या नावानं प्यायचा? त्या डॉक्टरच्या?

इरोदी विचारतोय, जेवतेस का नीट.

लामारामावशी


कुताइसी, ३ जून

तेकले,

पत्र मिळालं. चला, डॉलर नसले तरी तू पत्र घेतलंस. जुंबेरी म्हणाला, "तुमच्या भाचीनं पाकीट असं हातात दिलं की जणू मीच तिचा ग्लास खाली ठेवला होता."

तू लिहितेस: "दिवसभर खोक्यात बसून मी लोकांच्या नोटा मोजते. संध्याकाळी पट मांडते तेव्हा डोळे मिटत असतात. एलिसोच्या बापानं तिला प्रशिक्षक आणून दिलाय, संगणक आणून दिलाय, आणि ती उठते दहाला. ती फसवणूक नाही आणि माझी एवढीशी गोळी म्हणजे फसवणूक? गोळीला हत्ती कसा चालतो ते माहीत नाही, मावशी. ते मलाच माहीत असावं लागतं."

छान लिहिलंस. वकील व्हायला हवी होतीस. तुझी आई ग्रीसमध्ये परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते आणि तू खोक्यात बसतेस, आणि एलिसो दहापर्यंत लोळते. हा अन्याय आहे. मी नाही म्हणत नाही. पण प्रशिक्षक तिला जे शिकवतो ते तिच्यापाशी राहतं. तुझी गोळी सकाळपर्यंत उतरते, मागे काय ठेवते? आणि दुसरं सांग. आज तू घेतलीस. एलिसो काय दूधखुळी आहे? उद्या तीही घेईल, तिचा बाप तर पेटीभर आणेल. मग परवा माझ्या क्लबातल्या दहा वर्षांच्या पोरींच्या आया दारात उभ्या राहतील. "लामाराबाई, आमचीला कुठली गोळी सुरू करू?" त्यांना मी काय सांगू, तूच सांग. तेव्हा तू पुन्हा होतीस तिथेच असशील. सगळ्या जणी जाग्या आणि तू खोक्यात दमलेली.

इथपर्यंत मी जिंकले. पुढे मात्र तू माझ्या वर्मावर बोट ठेवलंस. "आणि तू? दिवसाला पाच कप कॉफी. चौदा वर्षांची होते तेव्हापासून स्पर्धेच्या दिवशी मलाही स्वतःच्या हातानं पाजायचीस. तुझी कपातली चालते आणि माझी पाकिटातली चालत नाही, होय?"

अगं बाई! हे वाचलं आणि पत्र टेबलावर आपटलं. स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या. कॉफी सगळे पितात, म्हटलं. पण उद्या सगळे गोळीही घेतील. कॉफी सौम्य असते, म्हटलं. इरोदी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तुझी? तुझ्या कॉफीत चमचा उभा राहतो."

मग मी स्टुलावर चढले आणि कॉफीचं पितळी भांडं कपाटाच्या वर, पार मागे सारून ठेवलं. हे घे तुझं उत्तर. आजपासून कॉफी बंद.

लामारामावशी


कुताइसी, १२ जुलै

तेकले,

मी जिवंत आहे. इरोदीला विचारशील तर तो म्हणेल, नको तितकी.

पहिला आठवडा डोकं असं ठणकत होतं की क्लबातल्या पोरी माझ्यापुढे पाय न वाजवता चालायच्या. पावाच्या दुकानात भांडले. टपालवाल्याशी भांडले, आणि तो तर काही घेऊनही आला नव्हता. इरोदी द्राक्षाच्या मळ्यात खाट टाकून झोपतो, म्हणतो तिथे डास आहेत पण बोलत नाहीत. शेजारची दारिको मात्र खरीच दुखावली आहे. इतकी वर्षं माझ्या कपातला गाळ बघून ती माझं भविष्य सांगायची. आता गल्लीभर सांगत सुटली आहे की लामाराला पुढे काही भविष्यच उरलं नाही.

आणि या सगळ्यावर तुझं पत्र. एवढ्याशा चिठोऱ्याला पत्र म्हणायचं? "ऑक्टोबरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीचं घड्याळ थांबेपर्यंत एक थेंबही घ्यायचा नाही. तू पाळलंस तर मीही त्या स्पर्धेत गोळीशिवाय खेळेन. पण तुला जमायचं नाही."

मला जमायचं नाही? मला? कबूल. इरोदी साक्षीला आहे.

एक मात्र समजून घे. मी हे गंमत म्हणून कबूल केलेलं नाही. राष्ट्रीय संघात एकच जागा उरली आहे आणि ती ऑक्टोबरमध्ये इथेच, आपल्या क्लबात ठरणार. ती मिळाली तर तू खोक्यातून सुटशील, पगार मिळेल, दिवसा खेळशील, रात्री झोपशील. ती जागा तुला हवी आहे तितकीच मला तुझ्यासाठी हवी आहे. वर्षानुवर्षं तुझ्यासमोर बसून पट मांडला तो काय वेळ जात नव्हता म्हणून? तरीही म्हणते, गोळीशिवाय खेळ.

इरोदी विचारतोय, पंखा आहे का खोलीत. तिबिलिसीचा उन्हाळा वाईट.

लामारामावशी


कुताइसी, २१ सप्टेंबर

तेकले,

बातमी कळलीच असेल. स्पर्धेची मुख्य पंच म्हणून मला नेमलं. मी म्हटलं, माझी भाची खेळते आहे. संघटनेचे लोक म्हणाले, "लामाराबाई, नात्यात नसलेला पंच हवा तर आइसलंडहून बोलवावा लागेल." ते काही खोटं नाही. एलिसोच्या आत्याशी माझा चुलतभाऊ लग्न करता करता राहिला होता.

तेव्हा आधीच सांगून ठेवते, मागाहून म्हणू नकोस की मावशीनं दगा दिला. चाचणी-बिचणी काही होणार नाही. तू गोळी घेतलीस तर जगात कुणाला कळायचं नाही. पण मला कळेल. बातुमीतले तुझे डोळे मी पाहिले आहेत. तसे डोळे दिसले की मी खुर्चीतून उठेन आणि सगळ्यांसमोर बोलेन, आणि मग पंचाची खुर्चीही सोडेन. तुला घाबरवायला लिहीत नाही. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस.

तू लिहिलंस ते मनाला लागलं. "गोळी सोडल्यापासून पट बघितला की धुकं दिसतं. खेळी बरोबर आहे असं वाटतं, पण खात्री वाटत नाही. तीच खेळी पुन्हा तपासते, मग पुन्हा. आधी असं नव्हतं." अगं, आधीही असंच होतं. फक्त तेव्हा तू हात पुढे करून खेळायचीस. धुकं सगळ्यांनाच दिसतं, मला आजही दिसतं, नेलीला तर या वयात चष्मा लावूनही पटच नीट दिसत नाही तरी ती खेळते. गोळीनं तुला खात्रीची चटक लावली आहे. माझं ऐक, एकदा बघ, दुसऱ्यांदा बघ आणि हात पुढे कर. तुझी नजर चांगली आहे. मी तयार केली आहे, मला माहीत असायला नको?

कॉफीशिवाय सकाळी मी जागी असते. संध्याकाळचं विचारू नकोस. परवा क्लबात पोरींचे डाव बघता बघता मान खाली गेली. एकजण म्हणाली, "लामाराबाई प्रार्थना करतायत."

लामारामावशी


क्लबातून, १४ ऑक्टोबर

तेकले,

स्पर्धा चालू असताना पंचानं खेळाडूशी बोलू नये, म्हणून हे दोन शब्द. पहिल्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलीस, गोळ्यांचं न उघडलेलं पाकीट ठेवलंस आणि "सांभाळ" म्हणून गेलीस. ते माझ्या पर्समध्ये आहे. हॉटेलात राहण्याचं कारण मला कळलं नाही, घरी तुझी खोली रिकामी आहे. डब्यात राजमा आणि चीजची पोळी आहे. इरोदीनं केली.

ला.


कुताइसी, २० ऑक्टोबर

तेकले,

पोळी मी केली होती. इरोदीला पाणी तापवता येत नाही.

काल तू सकाळच्या गाडीनं गेलीस, मला भेटलीही नाहीस. रागावलेली नव्हतीस, ते दिसत होतं. शेवटच्या फेरीत काय झालं ते तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही, आणि इरोदीच्या तोंडून तुला ते कळण्याआधी मीच सांगते.

तुला एलिसोला हरवायलाच हवं होतं, बरोबरी चालणार नव्हती. आणि तू हरवत होतीस! एक हत्ती जास्त, तिचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. मी पंचाच्या खुर्चीत बसून चेहरा दगडासारखा ठेवला होता, आणि टेबलाखाली माझे पाय नाचत होते. चाळिसावी खेळी केलीस की दोघींना वाढीव वेळ मिळणार होता, आणि मग डाव तुझाच. पाचवा तास चालू होता. वीज गेली. दुसरे पंच ओतारी जनरेटर सुरू करायला बाहेर गेले, पोरींनी कंदील आणून ठेवले. दालन उबदार झालं, घड्याळाची टिकटिक तेवढी येत होती.

आणि मी झोपले.

खरं सांगते. शेवटचं आठवतं ते एवढंच, तुझा हात गुडघ्यावर होता आणि तू चाळिसावी खेळी तपासत होतीस. हत्ती सातव्या ओळीत. दालनातल्या शेंबड्या पोरीलाही दिसत होती ती खेळी. तुलाही दिसली होती, पण तू ती पुन्हा पुन्हा तपासत बसलीस. पुढचं इरोदीनं सांगितलं. तो तिसऱ्या रांगेत होता. त्यानं झेंडी पडलेली पाहिली. एलिसो डोळे मिटून हिशेब करत होती, तिनं पाहिली नाही. मी घोरत नव्हते, एवढी इरोदीनं शपथ घेतली. प्रेक्षकानं तोंड उघडायचं नाही हा नियम, म्हणून तो मिशी चावत बसला. म्हणाला, "लामारा, त्या क्षणी पोरीनं नुसता हत्ती उचलून ठेवला असता आणि घड्याळ दाबलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी काही बोलणार नव्हतो, तुला सांगतो. देवाशप्पथ बोलणार नव्हतो."

तू हात पुढे केलास, पण हत्तीकडे नाही. घड्याळ थांबवलंस आणि म्हणालीस, "माझा वेळ संपला." त्या आवाजानं मी जागी झाले. बघते तर तू एलिसोशी हात मिळवत होतीस.

मग दोघी बसलात मोहरे मांडून, कंदिलाच्या उजेडात. मी मागे उभी होते, तुला माहीत नसेल. एलिसो म्हणाली, "मी तर बघितलंच नव्हतं. सांगितलंस कशाला?" तू म्हणालीस, "मी बघितलं होतं ना." मग तिनं विचारलं, "पण तू थांबलीस कशाला? ती खेळी तर सरळ होती." आणि तू म्हणालीस, "घाबरले. वाटलं, चुकली तर मावशीची सगळी कॉफी वाया जाईल."

तेकले, तिथे मला रडू आलं. पंचानं रडू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, मी बघितलंय.

अहवालात मी लिहून दिलं की झेंडी पडली तेव्हा मुख्य पंच झोपलेली होती आणि खेळाडूनं स्वतः आपला वेळ संपल्याचं जाहीर केलं. ओतारी म्हणाले, "हे लिहायची काय गरज?" मी म्हटलं, तेकलेला तरी काय गरज होती? पुढच्या वर्षी मला पंच नेमणार नाहीत. नाही तर नाही.

आता आपल्या वादाचं. कॉफीच्या बाबतीत तू जिंकलीस, मी हरले. कॉफी पोटात असती तर मी जागी असते, झेंडी मीच पाहिली असती, मीच डाव थांबवला असता आणि तुला काही ठरवावं लागलं नसतं. तेव्हा माझ्या कपातलीही तुझ्या पाकिटातलीचीच बहीण, धाकटी का होईना. यापुढे क्लबातल्या पोरींना स्पर्धेच्या दिवशी कॉफी मिळणार नाही. त्यांच्या आया बोंब मारतील, मारू देत. मी पिईन. मी म्हातारी आहे आणि मला आता कुणाला हरवायचं नाही. डाव संपल्यावर दालनाच्या दारातून जाताना तूच म्हणालीस ना, "मावशी, घड्याळ थांबलं. जा, कॉफी पी."

पण गोळीच्या बाबतीत मी हटत नाही. तू म्हणशील, गोळी असती तर खात्री असती, खेळी वेळेत झाली असती, जागा मिळाली असती. असेल. बातुमीत तर गोळी घेऊनही तुझी झेंडी पडता पडता राहिली होती, पण असेल. मी भांडत नाही. जागा गेली याचं मला इतकं वाईट वाटतंय की काल दिवसभर तुझ्या खोलीत जाऊन बसले होते. तुझ्या आईनं ग्रीसहून फोन केला, ती रडली, मीही रडले. एलिसो संघात जाईल आणि तू उद्या खोक्यात बसशील. त्या पैजेची किंमत तू मोजलीस, मी नाही. मी नुसती डोकेदुखी सोसली. हे मी विसरणार नाही. पण हरलेला तो डाव पहिल्या खेळीपासून घड्याळ थांबवेपर्यंत सगळा तुझा होता. त्यातली भीतीसुद्धा तुझी.

पाकीट अजून माझ्या पर्समध्ये आहे. फेकलेलं नाही. तू सांभाळ म्हणाली होतीस, वस्तू तुझी आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर येऊन चुलीत टाक. तुझं तू ठरव. तू काय ठरवतेस याची मला आता काळजी राहिलेली नाही.

काल रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघंच होतो. इरोदीनं नवी वाइन काढली. तो बिचारा कुणाच्या नावानं ग्लास उचलावा या विचारात पडला, कारण आपल्याकडे हरण्यासाठी कुणी ग्लास उचलत नाही. तेव्हा मीच उभी राहिले. बाई उभी राहून बोलते आहे हे बघून त्याची मिशी थरथरली. मी म्हटलं, "आमच्या तेकलेच्या पराभवासाठी." आणि तळापर्यंत प्यायले. थेंबही ठेवला नाही, हवं तर इरोदीला विचार.

इतके दिवस उगाच त्याचं नाव पुढे करत होते. त्यानं काही विचारलं नव्हतं. मी विचारत होते. मीच विचारतेय. जेवतेस का नीट? आणि घरी कधी येतेस?

तुझी मावशी